आधी प्लग काढा

जनरेटरची दोरी ओढली आणि ती जागची हलली नाही, की नाशिकमध्ये कुठेही जा, काउंटरवरून एकच निकाल ऐकू येतो: "इंजिन सीझ झालंय. खोलण्यात पैसे घालू नका, नवीन घ्या." हे सांगणाऱ्याच्या हातात त्या वेळी पाना नसतो. त्याने प्लग काढलेला नसतो, ऑइल पाहिलेलं नसतं, दोरीच्या स्टार्टरचं झाकण उघडलेलं नसतं. दोरी अडकली एवढ्या एका गोष्टीवर त्याने गरिबाच्या कमाईचं मशीन भंगारात धाडलेलं असतं. मी याला फसवणूक म्हणतो. ती अज्ञानातून झाली म्हणून लहान होत नाही, कारण गिऱ्हाईक त्याच्या दारात आलेलं असतं ते त्याला कळतं असं समजूनच.

आणि हे चालतं कोणत्या गावात? ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई विमानं सुटी करून, ओव्हरहॉल करून पुन्हा उडवली जातात. सातपूरला बॉशमध्ये डिझेल इंजिनांचे नोझल मायक्रॉनच्या मापात तयार होतात. शेजारी महिंद्राच्या गाड्या लाइनवरून उतरतात. अंबडच्या कुठल्याही शेडमध्ये शिरा, बोटाने चाचपून बोअरचा ओरखडा सांगणारा टर्नर भेटेल. मी याच औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला आयुष्य काढलं. तिथे "मशीन जाम आहे" एवढंच सांगून कोणाची सुटका होत नसे. कुठे जाम? कशाने? हाताने फिरवून पाहिलंस का? ही तीन उत्तरं दिल्याशिवाय खात्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. त्याच गावात एक सिलिंडरचं, खोक्याएवढं इंजिन उघडायची कोणाची तयारी नाही, याची मला चीड येते.

दोरी न हलण्याची कारणं अनेक, आणि त्यांतल्या कितीकांचा सीझ होण्याशी काडीचाही संबंध नसतो. गणपतीच्या दिवसांत सिडकोतल्या एका मंडळाची पोरं असंच मशीन घेऊन माझ्याकडे आली. "काका, गेलं म्हणतात हे. दुकानदाराने दोघांना लावून दोरी ओढून बघितली, तरी हललं नाही." मी विचारलं, आणलं कसं होतं? "छोट्या हत्तीत. उभं राहत नव्हतं, म्हणून आडवं टाकलं." एवढं उत्तर पुरेसं होतं. पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लगची टोपी काढून लांब बांधली, प्लग खोलला, पोरांना बाजूला केलं आणि दोरी सावकाश ओढली. प्लगच्या भोकातून पेट्रोल आणि ऑइलची काळपट पिचकारी भिंतीवर गेली. दुसऱ्या ओढीला दोरी सुतासारखी सरळ आली. मशीन आडवं पडलं तेव्हा चेंबरमधलं ऑइल रिंगांवरून सिलिंडरमध्ये उतरलं होतं, कार्बोरेटरमधून पेट्रोल पाझरलं होतं. हवा दाबली जाते, पातळ पदार्थ दाबला जात नाही. पिस्टन वर येऊन त्या ऑइलला टेकला आणि थांबला. दोष एवढाच. पेट्रोल मिसळलेलं ऑइल काढून टाकलं, नवीन भरलं, प्लग पुसून लावला.

राग मला त्या दोघांना लावून ओढलेल्या दोरीचा आहे. पातळ पदार्थ भरलेल्या सिलिंडरवर जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. दुकानदाराने बिघाड शोधला नाही, पण नवा घडवायची पूर्ण तयारी केली होती. त्याहून वाईट म्हणजे प्लग बाहेर लोंबकळत ठेवून, टोपी त्यालाच लावलेली ठेवून दोरी ओढणारे मी पाहिले आहेत. समोर पेट्रोलचा फवारा आणि बाजूला ठिणगी. हे लोक स्वतःला मेकॅनिक म्हणवतात.

प्लग काढूनही दोरी हलली नाही तरी निकाल द्यायची वेळ आलेली नसते. दोरीचा स्टार्टर सुटा करा. त्यातली स्प्रिंग तुटून गुंतली असेल किंवा खटके अडकले असतील तर इंजिन ठणठणीत असतं. झाकण निघालं की फ्लायव्हीलला दोन्ही हात लावा. ते थोडं हलून एकाच जागी थडकतं, की मुळीच हलत नाही? थडकत असेल तर आत काहीतरी तुटून आडवं आलेलं असण्याची शक्यता आहे. मुळीच हलत नसेल तर मागच्या अल्टरनेटरकडे पाहा, कारण त्याचं बेअरिंग गंजलं तरी इंजिनच जाम वाटतं. मग ऑइल. ते दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, पातळ होऊन पेट्रोलचा वास मारत असेल तर कार्बोरेटरची सुई गळतेय, आणि पट्टीला ऑइल लागलंच नाही तर तुमची भीती खरी आहे. या सगळ्याला प्लगपाना, दोन-चार साधे पाने आणि एका चहाचा वेळ लागतो. तेवढा वेळ ज्याला नाही त्याने दुरुस्तीची पाटी उतरवावी.

आता खऱ्या सीझबद्दल बोलतो, कारण तिथे तर गुन्हाच घडतो.

दोन-अडीच केव्हीएच्या पेट्रोल जनरेटरच्या इंजिनात जेमतेम अर्धा-पाऊण लिटर ऑइल मावतं. बहुतेकांत ऑइलचा पंप नसतो, फिल्टर नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटा चमचा असतो, तो फिरता फिरता खालचं ऑइल उडवतो आणि त्या शिंतोड्यांवर सगळं इंजिन जगतं. रॉड ॲल्युमिनियमचा, आत वेगळं बेअरिंग नाही, तो थेट पोलादी क्रँकवर फिरतो. पन्नास हर्ट्झची वीज द्यायची म्हणून नेहमीच्या मशीनचा क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. ऑइलची पातळी बोटभर उतरली की चमचा कोरडाच फिरतो. मग काही मिनिटांचा खेळ. हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून बऱ्याच मशीनमध्ये त्यांनी ऑइलचा सेन्सर बसवला. ऑइल कमी झालं की तो ठिणगी तोडतो आणि इंजिन बंद पाडतो.

अंबडला संध्याकाळी गाडी लावणाऱ्या एका मावशींचं मशीन माझ्यासमोर उघडलं गेलं. त्यांनी सांगितलं, "ते सारखं बंद पडायचं ना, म्हणून दाखवलं. त्याने वायरीचा फॉल्ट काढून दिला. मग महिनाभर मस्त चाललं." फ्लायव्हीलच्या बाजूने सेन्सरची बारीक वायर बाहेर येते, ती तोडलेली होती. दोन्ही टोकांना काळी टेप, अगदी निगुतीने गुंडाळलेली. चेंबर उघडलं तर तळाला ऑइल नव्हतं, डांबरासारखा थर होता आणि त्यात चांदीसारखा चुरा चमकत होता. रॉडची खालची टोपी क्रँकवर वितळून बसली होती. नखाने खरवडली तर ॲल्युमिनियमचा पापुद्रा निघत होता. चमचा मोडून कोपऱ्यात पडला होता.

मशीन बंद पडून ओरडून सांगत होतं की मला ऑइल द्या. त्या माणसाने ऑइलचं झाकण फिरवून पाहिलं नाही. त्याने वायर तोडली, ती झाकली आणि त्या कामाचे मावशींकडून पैसे घेतले. हा निष्काळजीपणा नाही. टेप लावायला वेळ काढणाऱ्या माणसाला आपण काय करतो आहोत हे पुरतं ठाऊक असतं. आणि हे काम करणारा तो एकटा नाही. भाड्याने फिरणारी मशीनं उघडा, तोडलेली वायर पुन्हा पुन्हा दिसेल. मावशींना मग ज्या दुकानाने नव्या मशीनचा भाव सांगितला, तिथेही हा प्रकार कोणी त्यांच्या कानावर घातला नाही.

असं इंजिनसुद्धा लगेच मरत नाही. क्रँकला चिकटलेलं ॲल्युमिनियम उतरवून पिन गुळगुळीत करता येते, मापात असेल तर नवा रॉड बसतो, बोअर ओढला असेल तर होनिंग होतं. बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घालायची कामं अंबडला रोज होतात. अडतं ते पार्टपाशी. रिंगांचा सेट मागा, "फुल असेंब्ली घ्यावी लागेल" हे उत्तर. रॉड मागा, तेच उत्तर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं असे चार वर्ग त्यात घेतले. पोर्टलवर माहिती टाकली म्हणून कोणत्याही विक्रेत्यावर साधी रिंग सुटी विकायचं बंधन येत नाही. त्यासाठी कायदा हवा, आणि तो नाही. द्राक्षबागेतला फवारणीचा पंप, पॉवर वीडर, गवत कापायचं यंत्र, यांतल्या बऱ्याच मशीनमध्ये याच जातीचं इंजिन असतं. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला छाटणीनंतरच्या फवारणीच्या घाईत पंप अडला की चार दिवस थांबता येत नाही, म्हणून तो मुकाट्याने असेंब्लीचे पैसे मोजतो. त्याच्या घाईवर चाललेला हा धंदा आहे.

पाण्याने जाम झालेल्या इंजिनांची गोष्ट वेगळी, आणि ती गोदाकाठाला चांगली माहीत असायला हवी. २००८ चा सप्टेंबर, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९ चे पूर: नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरणार, हे इथे शेंबड्या पोराला कळतं. भारनियमनाच्या वर्षांत घेतलेली आणि इन्व्हर्टर आल्यावर जिन्याखाली ढकललेली मशीनं त्या पाण्यात बुडतात. बुडाल्याने इंजिन लगेच मरत नाही. नंतरच्या दिवसांत ते मरतं. आधी चिखल काढायचा, मग पंचनामा, मग कोणाला तरी मशीन आठवतं. तोवर रिंगा आणि लोखंडी बोअर यांच्यात गंज बसलेला असतो. पहिल्याच दिवशी प्लग काढून पाणी सांडलं, दूषित ऑइल उतरवलं, डिझेलने आतून धुऊन नवीन ऑइल भरलं आणि हाताने चार फेरे दिले तर ते वाचतं. अल्टरनेटर मात्र पूर्ण सुकल्याशिवाय चालू करायचा नाही. उशीर झालाच तर प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं ऑइल ओता. ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन समसमान मिसळूनही चालतं. आणि थांबा. एक दिवस, चार दिवस, आठवडा. मग फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे. हातोडा हातात घ्यायचा नाही. फ्लायव्हीलवर घाव घातला की पंखे तुटतात, चुंबक तडकतं, आणि एरवी वाचलं असतं ते मशीन खरोखर जातं.

पुराशिवायही ओल आत शिरते. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत पेट्रोल तसंच ठेवून मशीन पावसाळाभर पडून राहू दिलं की कार्बोरेटरमध्ये ते पाणी बसतं, सुई चिकटते, पेट्रोल वाहून सिलिंडरमध्ये उतरतं, आणि दसऱ्याला दोरी हलत नाही. पुन्हा तोच काउंटर, पुन्हा तोच निकाल. विकताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवायचं एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर हे टळलं असतं. विकणाऱ्याला ते माहीत असतं.

३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या पावसात पर्वण्या. तपोवनापासून त्र्यंबकपर्यंत स्टॉल, अन्नछत्रं, तंबू उभे राहतील आणि त्यांना भाड्याची छोटी मशीनं पुरवली जातील, त्यांतली कित्येक टेप लावलेल्या वायरीची. भाड्याने घेणाऱ्याने मशीन ताब्यात घेण्याआधी ऑइलचं झाकण स्वतः फिरवून पाहावं आणि सेन्सरची वायर जोडलेली आहे हे पावतीवर लिहून घ्यावं. नसेल लिहून देत, तर दुसरीकडे जावं. दुरुस्तीला दिलं असेल तर तोडलेला, काढलेला प्रत्येक पार्ट परत मागावा. "सीझ आहे" असं सांगितलं गेलं तर काय सीझ आहे, रॉड, पिस्टन की बेअरिंग, हे सही-शिक्क्यानिशी लिहून मागावं. जो लिहून द्यायला नकार देतो त्याने मशीन उघडलेलं नाही.