साताऱ्याची नोंद, सांगलीचे गाव

मॉरिशसमधील मराठी समाजाचा विषय निघाला की आपल्या व्यासपीठांवर अभिमानाला भरते येते. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे, एप्रिल 2023 मध्ये तेथे शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले, हे सारे आपण कौतुकाने सांगतो. कौतुकात गैर काहीच नाही. परंतु त्या समाजातील एखादा मराठीचा शिक्षक पूर्वजांचे गाव शोधीत सातारा-सांगलीकडे आला, तर हार-नारळाखेरीज त्याच्या हाती आपण काय देऊ शकतो, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारीत नाही.

या शिक्षकाची स्थिती नीट समजून घेतली पाहिजे. त्याच्या घरात आणि बाजारात क्रिओल बोलली जाते. सरकारी व्यवहार इंग्रजीत चालतो, वृत्तपत्रे बहुधा फ्रेंचमध्ये निघतात. मराठी ही शाळेत शिकावयाची पूर्वजांची भाषा होय, आणि ती पुढच्या पिढीला देण्याचा भार मुख्यतः या शिक्षकवर्गावर आहे. ‘वेस’, ‘पार’, ‘उंबरा’ हे शब्द तो मुलांना शिकवितो, पण ज्या गावाची वेस त्याच्या खापरपणज्याने ओलांडली ते गाव त्याने पाहिलेले नसते. म्हणून त्याचा प्रवास हा पर्यटन नव्हे. शब्दांमागची वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, ही अध्यापकाची रास्त गरज त्यामागे आहे.

शिवाय तो रिकाम्या हाताने येत नाही. 1835 मध्ये मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर त्या किनाऱ्यावर उतरले. बहुसंख्य कलकत्ता व मद्रास बंदरांतून गेले, तर मुंबईहून गेलेल्या लहानशा प्रवाहात कोकण व घाटमाथ्यावरील मराठी माणूस होता. जेथे हे मजूर उतरत त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या मजुरांची नोंदबुके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा आणि गाव असे त्यांतील रकाने आहेत. पुढील काळातील अनेक नोंदींबरोबर छायाचित्रेही आहेत. या नोंदीचा उतारा घेऊन तो शिक्षक आपल्या दाराशी उभा राहतो. खरी अडचण येथून पुढे सुरू होते, आणि ती आपल्या बाजूची आहे.

उताऱ्यात जिल्हा ‘सातारा’ असतो. पाहुणा साताऱ्याला येतो आणि गाव सापडत नाही म्हणून निराश होतो. त्याला कोण सांगणार, की वाळवा, खानापूर, तासगाव हे आजचे सांगलीचे तालुके इंग्रजी अमदानीत साताऱ्यात मोडत होते. 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि त्याचे ‘सांगली’ हे नामकरण 1960 मध्ये झाले? त्याखेरीज सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने होती. त्यांची गावे परस्परांत आणि इंग्रजी मुलखात अशी मिसळलेली, की एका गावाचा अंमल शेजारच्या गावाला लागू नसे. 1848 मध्ये खालसा होईपर्यंत सातारा हेही राज्यच होते. त्यातच मराठी न जाणणाऱ्या कारकुनाने कानावर पडले तसे गावाचे नाव इंग्रजीत उतरविलेले. वडगाव आणि निगडी या नावांची गावे तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून कितीतरी आहेत. आडनावावरून शोध घ्यावा, तर मॉरिशसमध्ये पूर्वजाचे पाळण्यातले नावच पुष्कळदा वंशजांचे आडनाव होऊन बसले आहे. आणि नोंदीतले गाव पाटण किंवा जावळी तालुक्यातील कोयनाकाठचे निघाले, तर ते कदाचित शिवसागराच्या तळाशी असेल आणि तेथली माणसे ठाणे-रायगडपर्यंत विखुरलेली असतील.

या गुंत्याची उकल अशक्य मात्र नाही. तिची साधने आपल्यापाशी आहेत, फक्त ती एकत्र नाहीत. तहसील कचेऱ्यांत जुनी दप्तरे आहेत. मुंबई व पुणे येथील पुराभिलेखागारांत कागद आहेत. 1885 चा सातारा जिल्ह्याचा गॅझेटियर आहे. गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारे आणि त्यांची बाडे पिढ्यानपिढ्या जपणारे हेळवी या भागात आजही येतात. दोन शतकांपूर्वी घर सोडून गेलेल्या एखाद्या भावाचे नाव अशा बाडात सापडणे अशक्य नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्या-तालुक्यांतील कपाटे उघडली, मोडी जाणणाऱ्यांना शोधून काढण्यात आले. त्या प्रश्नाच्या राजकारणात येथे शिरावयाचे नाही. पण शासनाने मनावर घेतले तर दप्तरावरची धूळ झटकली जाते, एवढे त्यावरून सिद्ध झाले आहे.

तेव्हा करावयाचे काय? पहिले काम गावांच्या नावांची एक सूची करण्याचे. जुना जिल्हा, परगणा वा संस्थान, इंग्रजी नोंदीतील लेखनभेद, आजचा तालुका आणि धरणाखाली गेले असल्यास पुनर्वसनाचे ठिकाण, एवढे रकाने पुरे. सातारा, सांगली व कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तेथील इतिहास-भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आपापला तालुका वाटून घेतला, तर हे काम प्रकल्पांतून उभे राहू शकेल. दुसरे, ही सूची मोक्याच्या संस्थेला द्यावी आणि तिच्याकडील मुंबई बंदराच्या नोंदींच्या प्रती येथे आणाव्यात. तिसरे, येणाऱ्या शिक्षकाला एखाद्या खेड्यातील शाळेत काही आठवडे शिकविण्याची व शिकण्याची सोय करावी. सत्काराच्या एका संध्याकाळीपेक्षा त्याला व त्याच्या विद्यार्थ्यांना ते अधिक उपयोगी पडेल.

दुष्काळी तालुक्यांत पिण्याच्या पाण्याची ओरड असताना ही चैन कशाला, असा आक्षेप येईल. आक्षेपामागची कळकळ मान्य करूनही उत्तर असे, की येथे मागितले आहेत ते श्रम आणि समन्वय, मोठा निधी नव्हे. आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या विषयात रस वाटण्याचे कारणही त्या दुष्काळी तालुक्यांतच आहे. गेलेला माणूस साम्राज्य उभारण्यास गेला नव्हता. महिना पाच रुपये व शिधा यांवर पाच वर्षांच्या कराराने तो ऊस तोडण्यास गेला. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची तेथे रीत होती. आज त्याचा वंशज कृष्णाकाठी उतरतो तेव्हा त्याला काय दिसते? तोच ऊस, आणि फडात बीडकडून, तसेच आपल्याच माण-जतकडून उचल घेऊन आलेली कोयत्याची जोडपी. ‘खाडा’ पडला की दंड, हा नियम त्यांनाही ठाऊक आहे. दोन्ही व्यवस्था सर्वस्वी एक आहेत असे कोणी म्हणणार नाही. येथील मजूर हंगाम संपला की घरी परततो आणि स्वतंत्र देशाचा मतदार आहे. तरीही एक तुलना मनाला टोचल्यावाचून राहत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या मळेवाल्यांच्या सरकारने, स्वतःच्या सोयीसाठी का होईना, मजुराचे गाव, बाप आणि चेहरा यांची नोंद ठेवली. आपल्या फडातील मजुराचा हिशेब मात्र पुष्कळदा मुकादमाच्या वहीत राहतो. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले आहे. मजूर, त्याचे गाव, उचल आणि कारखाना यांची पक्की नोंद हे त्याचे पहिले कर्तव्य मानले गेले पाहिजे.

पूर्वजांचा शोध घेणारा हा शिक्षक आपल्याला नकळत एक धडा देऊन जातो. घराण्याचा मोठेपणा शोधण्यासाठी तो आलेला नाही. एका सामान्य मजुराचे नाव आणि गाव जुळावे, एवढेच त्याचे मागणे आहे. समुद्रापलीकडे जपलेल्या कागदाला अलीकडे जोडीचा कागद मिळावा, ही अपेक्षा काही अवास्तव नाही. पुतळ्यांसाठी जी तत्परता आपण दाखविली, तिचा थोडा अंश दप्तरांच्या वाट्याला आला, तरी साताऱ्याची नोंद आणि सांगलीचे गाव यांची गाठ पडू शकेल.