फलाटावरचे पाणी

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बहिणीकडे गेलो होतो. एका शनिवारी भाचा म्हणाला, "मामू, चला, तुम्हाला गाड्या दाखवतो." मला वाटले रेल्वेचे एखादे संग्रहालय असेल. त्याने नेले ते एका शाळेच्या सभागृहात. दारात तिकिटाचे टेबल, कोपऱ्यात चहा आणि घरी केलेले केक, आणि हॉलभर मांडलेली पंधरा-वीस 'लेआउट'. म्हणजे रूळ, स्थानक, पूल, डोंगर, झाडे यांचा टेबलावर उभारलेला देखावा आणि त्यातून धावणाऱ्या वीतभर गाड्या. प्रत्येक देखाव्यामागे एक-दोन माणसे उभी. बहुतेक साठीच्या पुढची. वर्षानुवर्षे घरात राबून केलेले काम गाडीत घालून आणायचे, दोन दिवस लोकांना दाखवायचे, पुन्हा उचलून न्यायचे. यात कुणाला कसला पैसा मिळत नाही.

एका लहानशा लेआउटपाशी मी रेंगाळलो. दरीतून जाणारी अरुंद गाडी, दुधाचे कॅन ठेवलेला फलाट. मागे उभ्या असलेल्या आजोबांनी विचारले, कुठून आलात? मी म्हणालो, महाराष्ट्रातून, सोलापूर जिल्हा. त्यांचा चेहरा उजळला. "बार्शीजवळ?" मी चाटच पडलो. आमच्याकडच्या कॉलेजातल्या मुलांनाही बार्शी लाइट सांगावी लागते आणि हा गोरा म्हातारा माझ्याआधी तिचे नाव घेतो!

कारण साधे होते. त्यांनी केलेली गाडी होती स्टॅफर्डशरमधली लीक अँड मॅनिफोल्ड. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. तिची आखणी करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हाच आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता. बार्शीची गाडी १८९७ ची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची. तिथे जमलेली रीत त्याने मायदेशी नेली. म्हणून त्या इंग्रज दरीतल्या इंजिनावर वसाहतीतल्या गाडीसारखा भला मोठा दिवा होता. पंढरीच्या वारकऱ्यांना नेणाऱ्या गाडीची ती धाकटी बहीण. इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली हे आपण शाळेत शिकतो. एक गाडी बार्शीहून तिकडेही गेली, हे मला त्या शाळेच्या हॉलमध्ये कळले.

आजोबांनी मग रूळ दाखवले. या छंदात ब्रिटनमध्ये चार मिलिमीटरला एक फूट हे माप जास्त चालते. त्या हिशेबाने अडीच फुटांचा रूळ दहा मिलिमीटर रुंद हवा. बाजारात सहज मिळतो तो नऊ मिलिमीटरचा. त्या एका मिलिमीटरसाठी आजोबांनी सगळे रूळ हाताने बनवले होते. एकेक पट्टी डाग देऊन जोडलेली. ते एकटेच असे नाहीत. ब्रिटनमध्ये मोठ्या गाड्यांची मॉडेल १६.५ मिलिमीटरच्या रुळावर धावतात. खरे माप १८.८३ मिलिमीटर यायला हवे. पूर्वी छोट्या ब्रिटिश इंजिनांच्या सांगाड्यात मोटर मावत नव्हती म्हणून सांगाडा मोठा केला आणि रूळ तसाच राहिला. ही सव्वादोन मिलिमीटरची चूक सहन न होणारी माणसे आयुष्यभर १८.८३ च्या रुळावर काम करतात. मला हा वेडेपणा वाटत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे ते जसे होते तसेच दिसावे, या हट्टात एक सच्चेपणा आहे.

निघताना मी फलाटावरच्या माणसांकडे बोट दाखवून विचारले, "ही कोण?" आजोबा हसले. "ती? ती पाकिटात मिळतात."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून गेलेले नाही.

रुळाचा एक मिलिमीटर चुकला तर झोप न येणारा माणूस फलाटावरची माणसे पाकिटातून काढून चिकटवतो. दोष त्या आजोबांचा नाही. या छंदाचीच ती सवय आहे. इंजिनावरचे रिव्हेट मोजायचे, डब्याच्या रंगाची छटा जुळवायची, आणि माणसे मात्र रिकाम्या जागा भरायला ठेवायची. त्यामुळे हॉलमधली सगळी स्थानके सुखी दिसतात. ऊन पडलेले, फुले फुललेली, कुणी कुणावर ओरडत नाही. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर ब्रिटनमधले हजारो मैलांचे मार्ग आणि शेकडो स्थानके बंद झाली. आपल्या गावची गाडी गेली हे दुःख या लोकांच्या मनात आहे आणि ते मी समजू शकतो. पण गेलेल्या गाडीवर प्रेम करताना गेलेला काळही आपोआप गोड होतो. तो तसा असतोच असे नाही.

जर्मनीतल्या छंदिष्टांना ही अडचण चुकवता येत नाही. १९३०-४० च्या दशकांतल्या जर्मन इंजिनांवर गरुड आणि त्याखाली नाझी चिन्ह असे. ते चिन्ह असे मिरवायला तिथे कायद्याने बंदी आहे, म्हणून मॉडेलवर ते सहसा वगळतात. इंजिन हुबेहूब, फक्त तेवढी जागा रिकामी. याच रेल्वेने लाखो ज्यूंना छावण्यांकडे नेले. तेव्हा ती रिकामी जागा बघणाऱ्याला काही ना काही सांगतेच.

उलट उदाहरणही आहे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवताने शाकारलेली घरे डोळ्यांदेखत बदलताना, मोडताना पाहून तो हादरला. मोजमापे घेऊन त्याने एकेक खरे घर लहान आकारात करायला घेतले. त्यातून ऑक्सफर्डशरमध्ये पेंडन संग्रहालय उभे राहिले. तिथे रेल्वे आहे, पण रेल्वेइतकाच मान घरांना आहे. म्हणजे हे होऊ शकते. मॉडेल ही आठवणीची वही होऊ शकते.

आता आपल्याकडे येतो. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. एका कुटुंबाने जिद्दीने उभारलेले ते शहर पाहून मुले घरी जायला तयार होत नाहीत. ते शहर कल्पनेतले आहे आणि तसे असायला काहीच हरकत नाही. पण उद्या कुणी आपले खरे स्थानक करायला घेतले, तर? माझी सूचना अशी, की पहिले स्थानक करावे मसूर. साल १९०१.

पुणे-मिरज मार्गावरचे, सातारा जिल्ह्यातले हे लहान स्थानक. तेव्हा मीटरमापी. १:८७ या मापात मीटरचा रूळ साडेअकरा मिलिमीटरचा होतो. स्विस गाड्यांच्या मॉडेलसाठी बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो, तो चालवून घेऊ. अर्ध्या मिलिमीटरची चूक माझ्या नावावर. शंभर मीटर फलाट सव्वा मीटरच्या आत बसेल. घरातल्या टेबलावर मावेल असे काम आहे.

मसूर का? बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ही हकिकत सांगितली आहे. नऊ वर्षांचे असताना ते घरातल्या इतर मुलांसोबत साताऱ्याहून गाडीने मसूरला उतरले. वडील गोरेगावला नोकरीला होते, तिथे जायचे होते. न्यायला कुणी आले नाही. मुले चांगल्या कपड्यांत होती, म्हणून स्टेशनमास्तरांना ती वरच्या जातीची वाटली आणि त्यांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि मास्तरांचा नूर पालटला. एकही बैलगाडीवाला यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे आणि मुलांनीच गाडी हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला. रात्री डबा होता, पाणी नव्हते. गाडीवाल्याने सुचवले, टोलनाक्यावर जा आणि आपण मुसलमान आहोत म्हणून सांगा. छोट्या भीमाला उर्दू चांगली येत होती. त्याने तसे सांगितले. तरी पाणी मिळाले नाही. मुले उपाशी झोपली.

एक मुसलमान म्हणून ही हकिकत मी वाचतो तेव्हा दोनदा थांबतो. तहानलेल्या मुलाला आमचे नाव आसऱ्यासारखे घ्यावेसे वाटले, इथे पहिल्यांदा. आणि त्याच आठवणींत पुढे १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग येतो, तिथे दुसऱ्यांदा. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर दलितांनी हातपाय धुतले म्हणून धावून आलेले लोक आमचे होते. त्या काळी मोठ्या स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे असे. पाणी देणारे तशी हाक देत फिरत आणि दोन्हीकडच्यांना त्यात काही वावगे वाटत नसे. पण जो या दोन्ही हाकांत बसत नाही त्याने काय प्यावे? आमच्या लोकांना हा प्रश्न पडला नाही, हे मान्य केल्याशिवाय दुसऱ्याच्या फलाटाकडे बोट दाखवण्याचा मला हक्क नाही.

मॉडेल करणाऱ्यापुढे इथे खरी कसोटी आहे. दीड सेंटिमीटरच्या पुतळ्यावर जात रंगवता येत नाही. मुले तर नीटनेटक्या कपड्यांत होती. मग ती दाखवायची कशी? अंतराने. मुलांपासून मास्तर पाच पावले दूर उभा करा. १:८७ मध्ये ते चार सेंटिमीटर होतात. बैलगाड्या रांगेत उभ्या आहेत आणि त्यांच्याजवळ कुणी जात नाही, हे दाखवा. रुळांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्यांना माणसांमधले अंतर मोजणे जड जाऊ नये. पाकिटातली माणसे तिथे उपयोगी पडणार नाहीत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: हा छंद आहे, माणूस चार घटका विसावायला तिथे जातो, त्यात हे कशाला? मी कुणाचा विसावा काढून घेत नाही. प्रत्येक लेआउटने धडा द्यावा असेही म्हणत नाही. घाटातून गाडी पळताना बघायला मलाही आवडते. पण 'जसे होते तसे' हा दावा या छंदाने स्वतः केला आहे. लोखंडापुरते खरे आणि माणसांच्या बाबतीत सोयीचे, असा दावा अर्धाच राहतो.

दुसरा आक्षेप आमच्या मोहल्ल्यातून येईल. एखादे बुजुर्ग विचारतील, माणसांचे पुतळे करणे आपल्यात चालते का? त्यांना मी अदबीने आठवण करून देईन, की हजरत आयेशा लहानपणी बाहुल्यांशी खेळत आणि त्यांच्याकडे पंखांचा एक घोडाही होता, हे हदीसमध्येच आले आहे. इथे पुतळ्याची पूजा करायची नाही. त्याच्याकडे बघून आपण कसे वागलो ते आठवायचे आहे.

आणि हे काम पुस्तकापेक्षा प्रदर्शनात जास्त होईल असे मला का वाटते? कारण पुस्तक उघडणारा आधीच तयार असतो. प्रदर्शनात माणूस गाडी बघायला येतो. मूल बापाच्या खांद्यावरून खाली उतरते, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवते आणि विचारते, "ही मुले एकटीच का उभी आहेत?" मागे उभ्या असलेल्या माणसाला उत्तर द्यावेच लागते. न ओरडता, समोरासमोर, अनोळखी माणसाला. शेजारी कोण उभा आहे, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे तेव्हा कुणी विचारत नाही. आज आपल्याकडे अशा जागा किती उरल्या आहेत? जयंत्या वाटल्या गेल्या, उत्सव वाटले गेले, वस्त्याही वाटल्या गेल्या. शाळेचा हॉल, पुठ्ठा, डाग देण्याची इस्त्री आणि चार हौशी माणसे, एवढ्यावर एक प्रदर्शन उभे राहते.

इंग्लंडहून परतल्यावर मी त्या आजोबांना भाच्यामार्फत बार्शी लाइटच्या काही जुन्या फोटोंच्या प्रती पाठवल्या. इंजिनांचे फोटो त्यांना आवडतील याची खात्री होती. महिन्याभराने उत्तर आले. इंजिनाबद्दल त्यांनी एका ओळीत आभार मानले होते. पुढे विचारले होते, की फलाटाच्या टोकाला मडके घेऊन बसलेली बाई कोण आहे, आणि तिच्याकडचे पाणी कोण पीत असे?

मी अजून उत्तर लिहितो आहे.