तबकडीमागचे नाव

घरात जपून ठेवलेली जुनी वस्तू आणि तिच्याविषयी सांगितली जाणारी हकीकत, या दोहोंचे वय सारखेच असते असे नाही. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका स्नेह्यांनी एक मनगटी घड्याळ आमच्यापुढे ठेवले, तेव्हा याची प्रचीती आली. या घराण्यातील पणजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून होते व त्यांच्या चोख कामावर संतुष्ट होऊन शाहू महाराजांनी स्वहस्ते हे घड्याळ त्यांस दिले, अशी घरची पिढीजात समजूत. तबकडीवर एका नामांकित स्विस कंपनीचे नाव. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने तेवढ्यावरून मोठा आकडा सांगितला होता, आणि दोघा भावांच्या वाटणीत वडील बंधूंनी घड्याळ आपल्याकडे ठेवून आजीची चांदीची भांडी धाकट्यांकडे जाऊ दिली होती. नातवाच्या मुंजीत ते त्याच्या हाती द्यावे, अशी त्यांची इच्छा. तत्पूर्वी ते कोणी व केव्हा केले याचा छडा लागावा, एवढ्याचसाठी ते आमच्याकडे आले.

घरात एक आत्याबाई आहेत, वय अठ्ठ्याऐंशी. ‘‘महाराजांचे कुठले? लढाई संपली त्या साली दादांनी मुंबईहून आणले ते,’’ असे त्या कित्येक वर्षे म्हणत आल्या. परंतु त्यांचे बोलणे हसण्यावारी जाई.

धाकट्या बंधूंचा शिरोली एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग कातण्याचा कारखाना आहे. पंचगंगेचा पूल ओलांडून पुणे–बंगळूर हमरस्त्याने गेले की ही औद्योगिक वसाहत लागते. ओतकामाच्या वाळूची धूळ जेथे अष्टौप्रहर उडते, तेथे घड्याळ उघडण्याची कल्पना प्रथमदर्शनी कोणासही वेडगळ वाटेल. पण या कारखान्यात मापे तपासण्याची एक बंदिस्त खोली आहे; तेथे उत्तम उजेड, सूक्ष्मदर्शक आणि व्हर्नियर ही सारी सामग्री तयार. शहरातील एका वृद्ध घड्याळजींना आम्ही सोबत घेतले.

प्रथम तबकडी. अशा शोधात लोक येथेच आरंभ करतात व बहुधा येथेच फसतात. अक्षरे नको तितकी टवटवीत होती. आणि सेकंदाच्या लहान काट्याचे टोक त्याच्या छापील वर्तुळावरून एका बाजूस किंचित घसरलेले दिसे. मूळच्या तबकडीत असा दोष सहसा राहत नाही. जुन्या तबकडीवर रंग देऊन तीवर खपणारे नाव छापण्याचा धंदा मुंबईत पुष्कळ वर्षे चालत आला आहे. तेव्हा ते नाव आम्ही पुराव्यातून वगळले. वडील बंधूंचा चेहरा उतरला.

काट्यांवर पिवळट लेप होता. धाकट्यांचे चिरंजीव तो नखाने खरवडू पाहत होते. त्यांना आम्ही वेळीच आवरले. जुन्या घड्याळांतील अंधारात चमकणाऱ्या लेपात रेडियम असे. त्याची चमक कालांतराने जाते, परंतु रेडियम निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. त्याची पूड श्वासावाटे वा अन्नावाटे पोटात जाणे घातक आहे. ज्यांच्या घरी अशी घड्याळे असतील त्यांनी ती मुलांच्या हाती उघडी देऊ नयेत.

पाठीच्या झाकणावर फ्रेंच शब्द होते; त्यांचा अर्थ, झाकण न गंजणाऱ्या पोलादाचे आहे. केवळ झाकणच! बाकीची केस मुलामा दिलेल्या पितळेची असून पट्ट्याच्या बाजूस घामाने पितळ उघडे पडले होते. हे पोलाद मनगटी घड्याळांत १९३० नंतरच सर्रास रूढ झाले, हे ध्यानात धरून आम्ही पुढे गेलो.

आता आतील मशीन. व्हर्नियरने व्यास एकोणतीस मिलीमीटरांच्या आसपास भरला. घड्याळाचे मशीन ‘लिन्य’ या जुन्या फ्रेंच मापाने मोजतात. एक लिन्य म्हणजे सुमारे २.२५६ मिलीमीटर. तेव्हा हे तेरा लिन्यांचे ठरले. घड्याळजींनी बॅलन्सचे चक्र हळुवार उचलले, आणि त्याच्या खालच्या जागेत सूक्ष्मदर्शकातून एक इवलीशी ढाल दिसली. ढालीत ए आणि एस ही रोमन अक्षरे, व शेजारी ११३० हा आकडा. कर्ता सापडला. स्वित्झर्लंडातील ग्रेंशन गावी अडोल्फ शिल्ड याने १८९६ साली काढलेल्या कारखान्याचे हे मशीन. याच जातीची मशीने दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या घड्याळांतही बसविली गेली.

वडील बंधूंना हे पटेना. कारखाना एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हे कसे? वास्तविक उत्तर त्यांच्या धाकट्या भावाच्या खिडकीबाहेरच होते. शिरोलीत एक जण ओतीव भाग करतो, दुसरा तो कातून घेतो, तिसरा जुळणी करतो आणि गाडीवर नाव चवथ्याचे झळकते. स्वित्झर्लंडात हेच घडे. शिल्डसारखे कारखाने कच्ची मशीने शेकडो व्यापाऱ्यांना पुरवीत. ते ती साफसूफ करून, केसमध्ये बसवून त्यांवर आपले नाव घालीत.

काळाचा निर्णय एका स्प्रिंगेने केला. बॅलन्सच्या दांड्याचे टोक ज्या खड्यावर फिरते, त्या खड्यावर वीणेच्या आकाराची चिमुकली स्प्रिंग होती. घड्याळ पडले असता ती धक्का सोसते व टोक मोडत नाही. या योजनेचे नाव इन्काब्लॉक, आणि ती बाजारात आली १९३४ साली. शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. पणजोबाही १९३१ साली वारले होते.

‘‘दुरुस्तीत मशीन बदलले नसेल कशावरून?’’ ही शंका रास्तच होती. परंतु परक्या केसमध्ये मशीन बसवायचे तर कडे घालावे लागते किंवा चावीचे भोक कानशीने वाढवावे लागते. येथे तसा ओरखडाही नव्हता. उलट झाकणाच्या आत दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने कोरलेल्या खुणा होत्या. त्यांतील सर्वांत जुनी ११-४७ अशी. नोव्हेंबर १९४७ मध्ये घड्याळ प्रथम दुरुस्तीस गेले असावे. लढाई १९४५ साली संपली, त्यानंतर दोन वर्षांनी.

तेव्हा आत्याबाईंचे खरे. दादा म्हणजे त्यांचे वडील, या बंधूंचे आजोबा. आता बाजारात या मशीनला फारसे मोल नाही, हे ओघानेच आले. चांदीच्या भांड्यांचा प्रश्न उभा राहिला; धाकटे ‘निम्मी परत नेतो’ म्हणतात, वडील ‘झाले ते झाले’ म्हणतात, आणि सुदैवाने त्यात आमचा सल्ला कोणी विचारलेला नाही.

घड्याळ मात्र मुंजीतच द्यायचे ठरले आहे, आणि डबीत ठेवण्याची चिठ्ठी आत्याबाईंच्या सांगण्याप्रमाणे लिहावयाची आहे. आम्ही मशीनचा नंबर वाचून दाखविला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘‘चालते का?’’ घड्याळजींनी ते धुऊन तेल दिले आहे. दिवसाकाठी दोनएक मिनिटे मागे पडते.