कौतुकातला 'असून'

नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी तेवीस वर्षं हिशेब लिहिले. सुरुवातीच्या दिवसांतली एक दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. बारा एमएमच्या सळयांची गाडी भरून काट्यावर गेली आणि काटापावती माझ्या टेबलावर आली. तीनशे सळया, प्रत्येकी बारा मीटर. बारा एमएमची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते, म्हणजे सगळा माल ३,२०० किलोच्या आसपास यायला हवा. थोडं कमीजास्त चालतं. पावतीवर ३,५४० होतं. मी गेटपास द्यायची थांबले आणि रिकाम्या गाडीची पावती मागवली. तिच्यावरचा आकडा उतरवताना चुकला होता. गिऱ्हाईक तिथेच उभं होतं. त्याला तीनशेचाळीस किलोचं जास्तीचं बिल लागायचं वाचलं म्हणून माझे शेठ खूश झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वा! बाई असून लोखंडातलं बरंच कळतं हो तुम्हाला."

सगळे हसले, मीही हसले. रात्री झोप लागली नाही.

शेठ वाईट नव्हते. त्यांना माझं कौतुकच करायचं होतं. पण त्या एका 'असून'मुळे माझा हिशेब बाजूला पडला आणि माझं बाई असणं पुढे आलं. मला काय बोचलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज येतं, म्हणून हे लिहिते आहे. अशा कौतुकानं हिरमुसलेल्या कितीतरी मुली, सुना आणि मुलगेही मी पाहिले आहेत. त्यांनी हे वाचावं, एवढीच इच्छा.

मराठीला हा प्रकार नवीन नाही. शाळेच्या व्याकरणात आपण व्याजस्तुती अलंकार शिकलो: वरून स्तुती, आतून निंदा, किंवा त्याच्या उलट. बोलीत आपण याला 'शालजोडीतला' म्हणतो. शालीत गुंडाळून दिलेला जोडा. शाल मऊ असते, म्हणून लागलेलं चटकन कळत नाही. असं बोलणं ओळखायला सोपं आहे. त्यात बहुधा 'असून', 'तरी', 'मानाने' किंवा 'वाटत नाही' यांतला एखादा शब्द असतो. "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे." "वयाच्या मानाने तब्येत छान ठेवलीत." "मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी काय फाडफाड बोलतोस!" "तू त्यांच्यातली वाटत नाहीस." प्रत्येक वाक्यात एक चांगली गोष्ट आहे, आणि ती चांगली दिसावी म्हणून शेजारी एक कमी दर्जाची गोष्ट उभी केली आहे.

पण लगेच रागावू नका. आपल्याकडे सरळ कौतुक करायची सवयच कमी, हे आधी लक्षात घ्या. पुरणपोळी उत्तम झाली तर आपण म्हणतो, "नाव ठेवायला जागा नाही." म्हणजे कौतुक करतानाही नाव ठेवायची जागा शोधून झालेली असते! मुलगा पहिला आला तर आजी "बरं झालं" म्हणते आणि दृष्ट काढायला मीठमोहऱ्या शोधते. जास्त गोड बोललं तर दृष्ट लागेल, पोर शेफारेल, ही भीती आपल्या हाडीमाशी आहे. माझ्या आईनं मला आयुष्यात एकदाही शाबास म्हटलं नाही. मी केलेलं कालवण तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं की मी समजून जायचे. अशा माणसांच्या तोंडून चुकून कौतुक निघालं तर ते वाकडंतिकडंच निघणार. मावशी म्हणाली, "आता जरा माणसात आलीस गं," तर तिला म्हणायचंय की तू छान दिसतेस. तिला तेवढंच येतं. ते घ्या आणि तिला चहा करून द्या. तिच्या वाक्याचा कीस काढून तुमच्या हाती काही लागणार नाही.

दुसरी माणसं वेगळी. त्यांना चांगलं बोलून तुमची मर्जीही हवी असते आणि आपण एक पायरी वर आहोत हे जाताजाता दाखवायचंही असतं. या स्वभावाचा अभ्यासही झाला आहे. ओव्हुल सेझर, अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स, मायकेल नॉर्टन आदी संशोधकांनी अशा खोचक कौतुकावर प्रयोग केले. बोलणाऱ्याला वाटतं की यातून आपण आवडतेही होऊ आणि आपला मानही वाढेल. प्रत्यक्षात ऐकणारे दोन्ही देत नाहीत. मला हे वाचून फार बरं वाटलं. असा टोमणा ऐकला की आपणच लहान झालो असं वाटतं, पण शेजारी बसलेल्यांना बोलणाऱ्याचा खोटेपणा बहुतेक वेळा दिसलेला असतो. तेव्हा तिथे तिखट उत्तर देण्याची घाई नको. मी एक साधी सवय लावून घेतली आहे. वाक्य ऐकायचं, त्यातला आपल्या कामाबद्दलचा भाग उचलायचा आणि उत्तर फक्त त्यालाच द्यायचं. आज ते शेठ भेटले असते तर मी म्हटलं असतं, "हो शेठ, कळतं. काटापावती तपासणं हेच माझं काम आहे." 'बाई'वाला अर्धा भाग तसाच टेबलावर राहू द्यायचा. ज्यानं ठेवला, तो उचलेल.

आणि अगदीच राहवलं नाही, तर दोन शब्द विचारावेत: "असून म्हणजे?" आवाज न चढवता, समजून घ्यायचं असल्यासारखे. समोरच्याला आपलंच वाक्य सोडवून सांगावं लागतं. ज्याचा हेतू साफ असतो तो "अरे, तसं नव्हतं म्हणायचं" म्हणतो आणि पुढच्या वेळी जपून बोलतो. ज्याचा नसतो, तो विषय बदलतो. दोन्ही ठिकाणी तुम्हाला हवं ते कळलेलं असतं. वरिष्ठांना किंवा ज्याच्या हातात आपली रोजीरोटी आहे त्याला असं विचारणं नेहमी जमत नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे गप्प राहिलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. घरी येऊन कुणाला तरी सांगा मात्र. मनात ठेवलेलं कुजतं.

आता मला खरं सांगायचं आहे ते सांगते. ते माझ्या चुकीबद्दल आहे.

माझं माहेर कळंबोली गावातलं, आगरी. आमच्या घरी 'पाणी' नव्हतं, 'पानी' होतं. शाळेत बाईंनी माझा 'ण' घोटून घेतला आणि मी तो इतका घोटला की ऑफिसात कुणाला माझ्या घरचा पत्ता लागू नये. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आत्याला घेऊन शेजारच्या सेक्टरमध्ये गेले. आत्या नऊवारीत होती, नाकात नथ, कपाळावर मोठं कुंकू. वाण लुटताना यजमानीणबाई मला कौतुकानं म्हणाल्या, "तुम्ही गावातल्या? अय्या, तुमची भाषा किती शुद्ध! तुम्ही आगरी वाटतच नाही हं."

मी "थँक्यू" म्हणाले.

खरंच मनापासून म्हणाले. मला छान वाटलं होतं. येताना रिक्षात आत्या काही बोलली नाही. तिच्या मांडीवर वाणाची प्लॅस्टिकची वाटी होती, ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. गावात शिरून रिक्षा दारापाशी थांबली, तेव्हा उतरताना तिनं विचारलं, "बाय, मंग मी कशी वाटते?"

मला उत्तर देता आलं नाही. आत्या आता नाही, आणि ते उत्तर द्यायचं राहून गेलं.

आमच्या गावालाही असंच कौतुक ऐकावं लागतं. कळंबोलीत राहणाऱ्यांना माहीत आहे की हे गाव आधी होतं आणि सेक्टर नंतर आले. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. भाताच्या खाचरांच्या जागी वसाहती, गोदामं, लोखंड बाजार आणि पुढे द्रुतगती महामार्गाचं तोंड आलं. घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी या पट्ट्यातले शेतकरी त्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. आज कुणी सहज म्हणतं, "तुम्ही काय बाबा, नशीबवान! साडेबारा टक्केवाले. नोकरी करता म्हणजे कमालच!" म्हणणाऱ्याला आपण कौतुक करतोय असं वाटतं. ऐकणाऱ्याच्या घरात त्या टक्क्यांची किंमत कुणीतरी मोजलेली असते.

म्हणून मी एक फरक करते. टोमणा माझ्या एकटीवर असेल, तर तो सोडायचा की धरायचा, हा माझा अधिकार आहे. मी वयस्कर आहे, जाडी आहे, माझी साडी जुनी आहे; त्यावरचं कौतुक कसं घ्यायचं ते माझं मी बघेन. पण 'तू त्यांच्यातली वाटत नाहीस' या कौतुकात माझी आत्या असते, माझी जात असते, माझं गाव असतं, माझी बोली असते, माझ्या शाळेतल्या सगळ्या मुली असतात. त्या सगळ्यांना कमी ठरवून मला एकटीला वर घेतलेलं असतं. ते कौतुक स्वीकारायचा अधिकार मला नाही. तिथे गप्प बसणं म्हणजे होकार देणं. दलित, भटक्या, मुसलमान, ईशान्येकडून आलेल्या, खेड्यातून आलेल्या कितीतरी मुलामुलींना हे वाक्य रोज ऐकावं लागतं आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी ते हसून गिळतात. मी गिळलं होतं, म्हणून कळकळीनं सांगते: गिळू नका. भांडायची गरज नाही. "आगरीच आहे मी," एवढं पुरतं. समोरच्याला लाज वाटावी म्हणून ते म्हणायचं नसतं. शेजारी आपली आत्या बसलेली असते, तिला ऐकू जावं म्हणून म्हणायचं.

लेकरांसमोर तर नक्की म्हणा. माझी नात सात वर्षांची आहे. लग्नात कुणीतरी तिला म्हणालं, "काळी असली तरी गोड आहे हो." तिनं माझ्याकडे पाहिलं. मुलं अशा वेळी आपल्या चेहऱ्याकडेच पाहतात. मी म्हटलं, "काळीही आहे आणि गोडही आहे." त्या बाई ओशाळल्या, मग हसल्या, नातीच्या हातात पेढा ठेवला. काही बिघडलं नाही.

आणि कौतुक करणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. आपल्यातलं प्रत्येक जण कधी ना कधी त्या यजमानीणबाईंच्या जागी असतं. मीही मोलकरणीच्या मुलीचे मार्क ऐकून "अगं बाई, घरी अभ्यासाला जागा नसूनही!" असं म्हणून बसले आहे. तिचा चेहरा उतरला ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं आणि म्हटलं, "ब्याण्णव टक्के. फार छान." ती इतकी हसली की मला माझं आदल्या दिवशीचं वाक्य पुन्हा आठवलं.

तेव्हा आजच कुणाचं तरी कौतुक करा. केलेल्या कामाचं नाव घ्या, छान म्हणा, आणि तिथेच थांबा.