वरणाचं पाणी आणि फळीवरचा डबा

कापूस फुटला की राळेगावच्या आसपासच्या खेड्यांतून सकाळीच ऑटो भरभरून बाया वेचणीला निघतात. आठ-नऊ महिन्यांचं लेकरू आजीजवळ राहतं. अशाच एका घरी परवा बसले होते. फळीवर बाळाच्या तयार खाऊचा डबा होता आणि मला पाहताच सुनेनं तो भांड्यांमागे सरकवला. मी रागावेन असं तिला वाटलं असावं. आजी मात्र अभिमानानं म्हणाली, "मी त लेकराले वरनाचं पानीच देतो बाई."

खरं सांगते, मला काळजी वाटली ती त्या पाण्याची. या वयाच्या बाळाचं पोट एका वेळी वाटीभरात भरतं. त्या वाटीत वरचं पाणी गेलं आणि तुरीची डाळ गंजाच्या तळाशी राहिली, तर पोट भरतं पण वजन हलत नाही. तूर आपल्या शेतातली, चूल आपली, म्हणून पाण्याचं अन्न होत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभरातल्या जेमतेम अकरा बाळांना पुरेसा आहार मिळत होता. बाकीची बहुतेक बाळंही घरचंच खाणारी असणार.

डब्याचीही एक खरी बाजू आहे. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा सरत येतो, आईच्या दुधात लोह फार नसतं, आणि डब्यातल्या पिठात ते मुद्दाम घातलेलं असतं. पण सोबत साखरही येते. एप्रिल 2024 मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेनं दाखवून दिलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर खाण्यामागे सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर होती. स्वित्झर्लंडमध्ये त्याच कंपनीचं तसंच पीठ बिनसाखरेचं होतं. आपल्या लेकरांना वेगळा न्याय का, याचा मला तेव्हाही संताप आला आणि आजही येतो. पुढे कंपनीनं बिनसाखरेचे प्रकार आणले. तेव्हा डबा घ्यायचाच तर मागची बारीक अक्षरं वाचून घ्या. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा खाद्याची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं आणि 2003 च्या दुरुस्तीनं बंदी आहे. तरी डबा खेड्यापर्यंत पोचला, कारण दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईला तो वेळ देतो. गरम पाणी घातलं की झालं. तिला ‘घरचं कर’ एवढंच सांगून निघून येणं मला पटत नाही.

म्हणून त्या दिवशी आम्ही तिघींनी पीठ केलं. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, मूठभर शेंगदाणे. सगळं वेगवेगळं भाजून, गार करून दळलं. हवाबंद डब्यात पंधरवडा राहतं. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून पाच-सात मिनिटं शिजवायचं, वर चमचाभर तेल किंवा तूप. चमचा आडवा केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. वर्षाच्या आत मीठ, साखर, मध काही नको. डाळ घालायची ती घोटून, गाळून नव्हे. पालेभाजी त्यातच शिजवावी, लिंबाचे दोन थेंब पिळावेत, म्हणजे लोह अंगी लागतं. आणि अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच ठेवावं.

पिठानंही लोहाची गरज पूर्ण भागत नाही. अंडं, मासळी, कलेजी घरात चालत असेल तर बाळालाही मऊ करून द्यावी. राळेगाव तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपासूनच्या मुलांसाठी अंड्याची तरतूद आहे. ते हक्कानं मागा. अंगणवाडीतून घरी मिळणारं पाकीटही गाईच्या घमेल्यात जाऊ देऊ नका.

निघताना सुनेनं विचारलं, पुढचं पीठ गिरणीतून आणलं तर चालेल का? चालेल. फक्त सकाळी पहिल्या घाण्याला न्यायचं, मिरची दळायच्या आधी.