शहागंजच्या मशिदीखालची दुकानं

बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना दोनच गोष्टी बघायच्या असतात, बीबी का मकबरा आणि पाणचक्की. दोन्ही रिक्षाने उरकतात आणि मग वेरूळची गाडी पकडतात. मी हल्ली त्यांना आधी भडकल गेटपाशी नेतो आणि सांगतो, आता पायी चला.

हा दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या हबशी माणसाने खडकी इथे राजधानी वसवली आणि डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने पाणी आणलं. खडकीचं पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. नावावरून भांडणारे आम्ही सगळेच त्या नहरीबाबत मात्र गप्प असतो.

तिथून सिटी चौक, सराफा करत शहागंजला पोचायचं. इथली मशीद साधारण १७२०च्या सुमाराची. पाहुणे वर घुमट बघतात, मी त्यांना खाली बघायला सांगतो. मशीद उंच चौथऱ्यावर आहे आणि त्या चौथऱ्याच्या तीन बाजूंना दुकानं काढलेली. म्हणजे बांधणाऱ्यालाच बाजार हवा होता. वर नमाज, खाली सौदा. आज भोवती फळांच्या, कपड्यांच्या, चपलांच्या गाड्या लागतात, त्या याच रचनेचं पुढचं पाऊल आहेत. रमजानच्या रात्री तर बायका-पोरं घेऊन सगळं शहर इथे पायी फिरतं. त्यात निम्मी माणसं बिगरमुस्लिम असली तरी कुणी मोजत नाही.

आणि तरी ‘वारसा जपायचा’ म्हटलं की पहिला बळी हातगाडीचा. कठडा, रंगीत दिवे, फरशी आणि फेरीवाले हद्दपार, यालाच सुशोभीकरण म्हणतात. वाहतूक अडते हे खरं आहे, रुग्णवाहिका अडकलेली मीही पाहिली आहे. पण त्या दिवशी रस्त्यात आडवी उभी होती ती चारचाकी. गाड्यांना आखून जागा द्या, मोटारींना संध्याकाळी बंदी घाला. उलट का होतं?

विशेष म्हणजे कायदा आमच्या बाजूने आहे. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार ‘वारसा बाजार’ म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. वारसा हा शब्द कायद्याने केळीच्या गाडीलाही लावलाय. मोर्चे काढणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडून मी हे कलम ऐकलेलं नाही. आम्हाला इमारतींचा अभिमान, त्यांच्या सावलीत पोट भरणाऱ्यांचा नाही.

मागच्या महिन्यात ओळखीच्या फळवाल्या चाचांना हे समजावून सांगितलं. वडील इथेच बसायचे, स्वतः चाळीस वर्षं. मी म्हटलं, “चाचा, पुराना कुछ कागज है?”

ते हसले. जागेच्या रोजच्या पावत्या फाडायचे, अब्बांनी त्यांचा गठ्ठा ट्रंकेत ठेवला होता. घराला रंग देताना पोरांनी रद्दीत घातला.

“क्या मालूम था बेटा, वो काम के थे.” मग त्यांनी मला अर्धा डझन केळी बांधून दिली आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.