बारावीच्या गणिताचा सराव हे चळवळीचंच काम आहे

‘गणिताला डोकं लागतं’ हे वाक्य आपल्या वस्तीतल्या मुलामुलींना दहावीनंतर हमखास ऐकवलं जातं. शिक्षक ऐकवतात, नातेवाईक ऐकवतात आणि शेवटी मूल स्वतःच स्वतःला ऐकवू लागतं. मग अकरावीला गणित सोडलं जातं आणि इंजिनिअरिंगचा रस्ता तिथंच बंद होतो. आरक्षित जागा कागदावर राहतात, तिथपर्यंत पोहोचणारं मूल वाटेतच गळालेलं असतं.

हे ‘डोकं’ म्हणजे नेमकं काय, ते एकदा तपासू या. राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखेची गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं आणि चार गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं. घड्याळ समोर ठेवून ज्यानं कधी पेपर सोडवलाच नाही, त्याला ही नऊ मिनिटं कशी कळणार? दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ आणि चार गुणांचे आठपैकी पाच प्रश्न सोडवायचे असतात. कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हेही सरावानंच ठरवता येतं. इंटिग्रेशनचं उदाहरण बघताक्षणी इथं सब्स्टिट्यूशन चालेल की बाय पार्ट्स, हे ओळखणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. त्यानं तशी शंभर उदाहरणं आधी सोडवलेली असतात, एवढंच.

सरावाला लागतं काय? बसायला शांत जागा, रोजचे दोन तास, भरपूर कोरे कागद आणि चूक दाखवणारा माणूस. यातला शेवटचा सगळ्यात महाग. मंडळाच्या तपासणीत पायऱ्यांना गुण असतात. उत्तर बरोबर येऊनही मधली पायरी गाळली, इंटिग्रेशनच्या शेवटी ‘सी’ लिहायचा राहिला, तर गुण जातात. हे मोबाईलवरचा व्हिडिओ सांगत नाही. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पेन हातात घेतल्यावर दुसऱ्याच ओळीला गाडी अडते. ज्याचे पालक मोठी फी भरतात, त्याची वही दर आठवड्याला तपासली जाते. एका खोलीत पाच माणसं राहतात त्या घरातल्या मुलीची वही थेट परीक्षकच तपासतो. त्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावीत ‘वर्गसमीकरण’ अचानक ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ म्हणून भेटतं. मग निकालाच्या दिवशी हा सगळा फरक पुसून एकच शब्द उरतो : मेरिट!

साधनांनी मिळालेलं जन्मजात म्हणून मिरवायचं, ही जातिव्यवस्थेची जुनीच चाल आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा वर्गात गलका झाला. फळ्यामागं सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. ते हलवले गेले, मगच भीमरावांना फळ्याजवळ जाता आलं. प्रश्न गणित येण्याचा नव्हता, फळ्यापर्यंत पोहोचण्याचा होता. आज डबे गेले, त्यांच्या जागी क्लासच्या फीचा आकडा आला.

कुणी म्हणेल, ही सरकारची जबाबदारी आहे. आहेच. कनिष्ठ महाविद्यालयात गणिताचा शिक्षक मिळावा, वर्ग रोज भरावेत, यासाठी भांडलंच पाहिजे. पण परीक्षा आपल्या मोर्चासाठी थांबत नाही. दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतील.

आपल्याकडे गावोगावी विहारं आहेत, समाजमंदिरं आहेत. त्यातली अनेक जयंती आणि वंदना सोडली तर कुलूपबंद असतात. दर रविवारी सकाळी तीन तास ती बारावीच्या मुलांना द्या. जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ आणि कोरे कागद, एवढंच लागतं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. वस्तीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी किंवा नोकरीला लागलेला एखादा भाऊ, एखादी ताई दुपारी पेपर तपासेल आणि प्रत्येक मुलाला त्याची चूक समोर बसवून दाखवेल. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्याचा सराव वेगळा घ्यावा लागेल, पण जागा तीच आणि माणसंही तीच. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढला तरी वर्षभराचे कागद आणि झेरॉक्स निघतील.

आरक्षणानं नोकरीला लागून शहरात स्थिरावलेल्या आपल्या अधिकारी-प्राध्यापक बांधवांना एक थेट प्रश्न : महिन्यातला एक रविवार आपण देऊ शकत नाही का? भाषणात ‘शिका’ म्हणणं सोपं आहे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या वहीतली चुकलेली पायरी दाखवणं, हे ‘पे बॅक टू सोसायटी’चं खरं काम आहे.

पुढच्या रविवारी आपल्या विहाराचं कुलूप कोण उघडणार, तेवढं आज ठरवा.

जय भीम!